पिंटभर उजेड

घासलेट हा शब्द मुळात इंग्रजी आहे हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं, आणि तेही वेल्समधल्या एका स्वयंपाकघरात.

शेजारच्या बाईंनी विचारलं होतं, "तुमच्याकडे पॅराफिनला काय म्हणतात?" मी म्हटलं, घासलेट. त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला, तिसऱ्यांदा जरा सावकाश म्हणून पाहिला आणि म्हणाल्या, "गॅस-लाइट!" मी त्यांच्याकडे बघतच राहिले. लहानपणापासून मला त्या शब्दात घास दिसायचा, म्हणजे गवत. गवताचा आणि तेलाचा काय संबंध, असा प्रश्न कधी पडला नव्हता, कारण रोजच्या वापरातल्या शब्दांना आपण प्रश्न विचारत नाही. मग मीच म्हटलं, आमच्याकडे आणखी एक शब्द आहे, रॉकेल. तो मात्र दोघींना एकदमच उमगला. रॉक ऑइल. दगडाचं तेल.

मुलगी ॲबरिस्टविथला गवतावर संशोधन करते. (हो, गवतावर. तिच्या आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी गोठ्याकडे बोट दाखवलं असतं.) भाडं परवडावं म्हणून ती शहरापासून लांब, ट्रेगॅरन नावाच्या छोट्या गावाजवळ राहते. मी तिच्याकडे सप्टेंबरात गेले ती फेब्रुवारीत परतले, म्हणजे तिथला अंधार पुरता बघून आले. डिसेंबरात चार वाजताच दिवेलागण होते आणि सकाळी आठ वाजले तरी खिडकी काळीच असते. मुलगी दिवसभर बाहेर. मग मी शेजारी जाऊन बसायचे. त्या बाई सत्त्याऐंशी वर्षांच्या. त्यांना तिकडे सगळे त्यांच्या माहेरच्या शेताच्या नावानं ओळखतात, माणसाच्या नावानं नाही. आडनावं तिथे मोजकीच. जोन्स, डेव्हिस, इव्हान्स यांतच अर्धा गाव बसतो, म्हणून कुणी शेताच्या नावानं ओळखला जातो तर कुणी धंद्याच्या. मी त्यांना मनात आत्या म्हणायचे, तोंडावर काहीच म्हणत नसे.

आत्यांचं माहेर ट्रेगॅरनच्या वर, डोंगरात. त्यांच्या घरी वीज आली ती त्यांचं लग्न होऊन त्या खाली आल्यावर. तोवर सगळा उजेड गाडीतून यायचा.

मी नीट ऐकलं आहे ना, म्हणून पुन्हा विचारलं. गाडीतून? हो. तेलवाल्याच्या गाडीतून. दर पंधरवड्याला, गुरुवारी. मागे टाकी, टाकीला पितळी तोटी, तोटीखाली टांगलेलं एक गचाळ डबडं, ठिबकणारं तेल वाया जाऊ नये म्हणून. गॅलनचं, क्वार्टचं आणि पिंटचं अशी तीन मापं, आणि एक नरसाळं. टाकीच्या वर आणि दोन्ही बाजूंना सामान लटकलेलं असायचं: वाती, दिव्यांच्या काचा, गवतात गुंडाळलेले मँटल (ज्योतीवर बसवायची जाळी), मेणबत्त्या, साबण, ब्रश, बादल्या, कपबश्या. आत्यांच्या आजीच्या वेळी हीच गाडी घोड्याची होती. वेल्सच्या त्या भागात आजीला 'मॅमगी' म्हणतात. मॅमगी म्हणायच्या, म्हणे, की घोडा बरा होता. तो सगळ्या फाटकांपाशी आपणहून थांबायचा, मोटार थांबवावी लागते.

ट्रेगॅरनला मी दोन गोष्टी रोज पाहायचे. एक म्हणजे चौकातला पुतळा, आणि दुसरी कॉर्स कॅरनची दलदल. ती मैलोन्‌मैल पसरलेली आहे आणि तिच्या कडेला ब्रुइन उगवतं, म्हणजे लव्हाळ्यासारखी एक गोल, हिरवी काडी. तेल येण्याआधी या डोंगरांतला उजेड याच काडीतून यायचा. उन्हाळ्याच्या शेवटी काड्या कापायच्या, भिजवायच्या, साल सोलायची, पण पूर्ण नाही. सालीची एक बारीक पट्टी ठेवायची, म्हणजे आतला पांढरा, स्पंजासारखा गर मोडत नाही. वाळवून मेंढीच्या चरबीत बुडवायच्या. झाली वात आणि मेणबत्ती एकातच. ती उभी धरायची नाही, चिमट्यात तिरपी धरायची, आणि जळेल तशी पुढे सरकवत राहायचं. कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात घरंच्या घरं उचलून आणून पुन्हा उभी केली आहेत. एखाद्या चुलीपाशी उभं राहिलं की कळतं, एका काडीच्या उजेडात त्या खोलीचा कोपरासुद्धा दिसला नसणार.

इंग्लंडमधल्या गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्यानं अठराव्या शतकात अशी एक काडी घड्याळ लावून जाळली होती. दोन फूट साडेचार इंचांची काडी तासाला तीन मिनिटं कमी इतकी जळली. मला हा माणूस फार आवडला. गरिबाच्या घरातल्या उजेडाकडे घड्याळ घेऊन बसणारे लोक कमीच. त्या काळी मेणबत्तीवर कर होता, १७०९ पासून १८३१ पर्यंत. घरी मेणबत्त्या पाडायला परवाना लागायचा. काडीला कर नव्हता. सरकारला त्या उजेडातून काही मिळण्यासारखं वाटलं नसावं.

काडी एक, माणसं दहा. त्यामुळे उत्तरेकडे बाला गावाच्या परिसरात हिवाळ्याच्या रात्री शेजारपाजारचे एका घरी जमायचे आणि एकाच उजेडात सगळे मोजे विणायचे. बायका विणायच्या, पुरुषही विणायचे, कुणी गोष्ट सांगायचं, कुणी वीणा वाजवायचं. विणायला डोळे लागत नाहीत आणि ऐकायला तर नाहीतच. याला ते 'नोसन वेई' म्हणत, विणकामाची रात्र. आपण आज याला हौस समजू. पण मला वाटतं यात मूळ काटकसर होती, गाणी मागाहून आली. दहा घरांत दहा काड्या जाळण्यापेक्षा एका घरात एक जाळा.

एकदा आत्यांनी मला मेणबत्तीचा वेल्श शब्द शिकवला. कानुइल्ह. त्यातला शेवटचा ल्ह म्हणताना जीभ टाळ्याला लावायची आणि दोन्ही बाजूंनी हवा सोडायची. मी कोल्हापूरच्या जवळच्या जिल्ह्यातली असूनही मला तो जमेना, कारण आपला ल्ह घुमतो आणि त्यांचा फुसफुसतो. पण शब्द घरी आल्यावरही डोक्यात राहिला, आणि मुलीनं फोनवर शोधून सांगितलं की तो लॅटिन 'कॅन्देला'वरून आलेला आहे. रोमन लोकांनी तो पश्चिमेकडे नेला. तोच शब्द पूर्वेकडे जाऊन अरबीत शिरला आणि फारसीच्या वाटेनं आपल्याकडे येऊन कंदील झाला. म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या आमच्या सोप्यात खुंटीला टांगलेला कंदील आणि कॉर्स कॅरनच्या कडेची ती काडी एकाच आजीची नातवंडं. डोळ्यातल्या बाहुलीलाही ते कानुइल्हच म्हणतात. डोळ्याची मेणबत्ती. आपण तिथे बाहुली बघितली, त्यांनी ज्योत.

आता तेलाकडे येते, कारण इथेच मला बोलायचं आहे.

दगडातून दिव्याचं तेल काढायचं पेटंट जेम्स यंग या स्कॉटिश रसायनतज्ज्ञानं १८५० साली घेतलं. पॅराफिन हे नाव तेव्हापासून घरोघरी गेलं. त्याचा कच्चा माल म्हणजे एक विशिष्ट कोळसा, कॅनल कोळसा. तो इतक्या स्वच्छ ज्योतीनं जळतो की त्याला कॅन्डलवरूनच कॅनल म्हणू लागले असं मानतात. पुन्हा तोच शब्द! ईशान्य वेल्समध्ये मोल्ड गावाजवळ लीसवुड इथे १८५८ साली असाच उत्तम कोळसा सापडला. बघता बघता त्या भागात तेल गाळायच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. थोडी वर्षं का होईना, वेल्सच्या दिव्यात वेल्सच्याच दगडाचं तेल जळण्याची सोय झाली.

त्याच लीसवुडच्या खाणीवर जॉन यंग नावाचा एक इंग्रज व्यवस्थापक होता. (तेलवाल्या यंगशी त्याचा काही संबंध नाही. मीही आधी गोंधळले.) त्यानं खाणीत वेल्श बोलायला बंदी केली. जमिनीखाली, अंधारात, जिथे छत कोसळायच्या आधी एकमेकांना हाक मारावी लागते, तिथे आपली भाषा बोलायची नाही. मग १७ मे १८६९ ला त्यानं मजुरी कापायचं जाहीर केलं. कामगारांनी त्याला गाठून मारहाण केली. सात जणांवर मोल्डला खटला चालला आणि २ जूनला दोघांना महिनाभराची सक्तमजुरी झाली. त्यांना स्टेशनकडे नेत असताना जमावानं दगड मारले, आणि चेस्टरहून आणलेल्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या. चार माणसं मेली. त्यांतली एक, मार्गारेट यंगहजबंड, एकोणीस वर्षांची मोलकरीण होती. ती काय चाललंय ते बघायला आली होती.

आत्यांना मोल्डची गोष्ट माहीत होती, पण ती कोळसा, मजुरी आणि भाषा यांची गोष्ट म्हणून. त्या कोळशापासून दिव्याचं तेल निघायचं हे त्यांना मी सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ज्या तेलाच्या उजेडात बायबल वेल्शमध्ये वाचायचं, ते काढताना वेल्श बोलायचं नाही." असं काही मला आयुष्यात सुचलं नसतं.

लीसवुडचा तेलाचा धंदा फार टिकला नाही. १८५९ मध्ये पेन्सिल्व्हेनियात विहीर खणून तेल लागलं होतं, आणि ते जहाजांनी येऊ लागलं तसं कोळसा भाजून तेल गाळणं महाग पडायला लागलं. काही वर्षांत भट्ट्या थंड झाल्या. त्याच सुमाराला, १८६६ मध्ये, ट्रेगॅरनला रेल्वे आली. आता अमेरिकेतलं तेल बंदरावर उतरायचं, रेल्वेनं स्टेशनावर यायचं, आणि स्टेशनापासून पुढे रस्ता जिथे संपतो तिथपर्यंत न्यायला कुणीतरी माणूस लागायचा. तेलवाल्याचा धंदा या शेवटच्या पाच-दहा मैलांतून जन्माला आला. जगातल्या मोठ्यात मोठ्या कंपन्यांना तो चढ चढता येत नव्हता. ॲंग्लो-अमेरिकन ऑइल कंपनी १८८८ मध्ये निघाली. 'रॉयल डेलाइट' हा तिच्या तेलाचा छाप. राजेशाही दिवसाचा उजेड! आणि तो उजेड चिखलात रुतलेल्या चाकाला खांदा देत वर न्यायचा एक माणूस, ज्याच्या कोटाला जन्मभर त्याच तेलाचा वास यायचा.

सुरुवातीच्या वर्षांत तेल धोक्याचं होतं. नीट न गाळलेलं किंवा भेसळ केलेलं तेल दिव्यातच भडका घ्यायचं. म्हणून ब्रिटनमध्ये कायदे आले. १८७९ पासून तेलाची परीक्षा ठरली: बंद भांड्यात तापवून त्याची वाफ किती अंशांना पेट घेते ते बघायचं. ७३ अंश फॅरनहाइटच्या खाली पेटलं तर ते धोक्याचं. म्हणजे आपले तेवीस अंश सेल्सिअस. आमच्याकडे हा आकडा पहाटेचा असतो, मला हसू आलं. अशा भडकणाऱ्या तेलाच्या फेरीवाल्यांसाठी १८८१ मध्ये वेगळा कायदाच झाला. एका गाडीत वीस गॅलनपेक्षा जास्त न्यायचं नाही. वीस गॅलन म्हणजे साधारण एक्याण्णव लिटर.

एवढं सगळं सरकारनं लिहून ठेवलं, पण तेलवाल्याचा खरा त्रास दुसराच होता. वास. घासलेटाचा वास कशालाही लागतो आणि लागला की जात नाही. आत्या सांगत होत्या की पलीकडच्या खोऱ्यात एक किराणा गाडी होती, तिच्यात पाव आणि तेल एकत्र असायचं, आणि त्या खोऱ्यातले लोक पॅराफिनची चव असलेला पाव खाऊनच वाढले. मला आमच्या रेशन दुकानाची आठवण झाली. साखरेच्या पिशवीशेजारी रॉकेलचं पिंप. चहाला येणारा तो वास आम्ही चहाचाच मानायचो.

तेलवाल्याला कुठल्या घरी कुठला दिवा आहे हे पाठ असायचं. कुणाकडे बर्मिंगहॅमच्या हिंक्सचा १८६५ पासूनचा दोन वातींचा पितळी दिवा, कुणाकडे मँटलचा अलादीन, कुणाच्या गोठ्यात वादळी कंदील, कुणाकडे टिली. त्याप्रमाणे वातीची रुंदी, काचेचा घेर. मँटल अगदी नाजूक, जाळीचा, एकदा जळला की हात लावताक्षणी राख. तो डोंगरातल्या खड्ड्यांवरून अखंड आणणं हेच कसब. आणि या सगळ्यापेक्षा मोठं म्हणजे बातम्या. खालच्या शेतात कोण आजारी आहे, वरच्या शेतात कुणी नवी गाय घेतली, पुढच्या रविवारी चॅपलमध्ये कोण बोलणार आहे. आत्यांच्या आईला हे सगळं हवं असायचं, पण ती नरसाळ्याकडे बघत, जणू तेलातच लक्ष आहे असं दाखवत ऐकायची. तेलाचे पैसेही तिचेच. अंड्यांचे आणि लोण्याचे पैसे घरातल्या बाईचे, ही तिथली रीत. मेंढ्या आणि लोकर बापाची. म्हणजे त्या घरातला उजेड कोंबड्यांनी आणलेला होता असं म्हटलं तरी चालेल.

चॅपलसाठी वेगळा डबा भरायचा. हिवाळ्यातल्या प्रार्थनेला छताला टांगलेले दिवे लागायचे, आणि रविवारी काम करायचं नाही, म्हणून शनिवारी दुपारीच काचा पुसून, वाती कातरून, तेल भरून सगळं तयार ठेवायचं. बटाटेही शनिवारीच सोलायचे. आपल्याकडे एकादशीच्या आदल्या दिवशी होतं तसंच.

आणि एक गोष्ट त्यांनी मला अंधार पडल्यावरच सांगितली. त्या भागात पूर्वी लोकांना प्रेतज्योत दिसायची, 'कानुइल्ह गोर्फ'. कुणी मरणार असेल तर त्याच्या घरापासून दफनभूमीपर्यंत, अंत्ययात्रा जाईल त्याच वाटेनं, एक लहानशी ज्योत आधी एकटी जाऊन येते. मूल मरणार असेल तर ज्योत लहान. सेंट डेव्हिडनं आपल्या लोकांना मरणाची आगाऊ सूचना मिळावी म्हणून देवाकडे हे मागून घेतलं, अशी कथा आहे. आता विचार करा, हिवाळ्यातल्या रात्री उशीर झालेला तेलवाला हातात कंदील घेऊन एकटा दलदलीच्या कडेनं उतरतोय, आणि वरच्या शेतातून कुणीतरी तो हलणारा उजेड बघतंय. आत्या म्हणाल्या, म्हणूनच म्हातारे तेलवाले रात्री उतरताना मोठ्यानं भजनं म्हणायचे. आपण माणूस आहोत हे कळावं म्हणून.

माझ्या माहेरी तेलवाला नव्हता, बाजार होता. आमचं गाव पाटणच्या वर, कोयनेच्या डोंगरात. शनिवारी बाजारातून, नंतर रेशनच्या दुकानातून, पाच लिटरचा पत्र्याचा डबा भरून यायचा. तो डबा जपून वापरायचा, कारण पुढचा कधी मिळेल याचा भरवसा नाही. चिमणी, म्हणजे ती औषधाच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून केलेली, चुलीपाशी. कंदील सोप्यात. मी अभ्यासाला बसले की आजी वात खाली करायची. "अक्षरं दिसतात ना?" दिसायची. "मग बस." आणि आमच्या डोंगराच्या पोटात कोयनेची वीज तयार होत होती! ती तारांवरून आमच्या डोक्यावरून मुंबईला जायची. आम्ही त्या तारांखालून गुरं न्यायचो आणि तारांचा गुणगुणाट ऐकायचो. वीज म्हणजे मला कितीतरी वर्षं आवाजच वाटत होता.

हे मी आत्यांना सांगितलं तेव्हा त्या हसल्या, पण त्या हसण्यात आश्चर्य अजिबात नव्हतं. त्यांच्या देशातही स्नोडनच्या पायथ्याशी कुम डलीचं जलविद्युत केंद्र १९०६ पासून चालू होतं. ती वीज जायची स्लेटच्या खाणींना. आजूबाजूची शेतं पुढची पन्नास वर्षं काचा पुसत राहिली. १९४८ मध्ये सगळ्या वीज कंपन्या सरकारी झाल्या, आणि त्यानंतर कुठे खांब हळूहळू डोंगर चढायला लागले.

मी विचारलं, आठवण येते का त्या दिव्यांची? मला वाटलं होतं, त्या हो म्हणतील, थोडं पिवळ्या उजेडाबद्दल बोलतील, आणि मी घरी जाऊन ते वहीत लिहीन. त्या म्हणाल्या, "मुळीच नाही. घाणेरडा वास, डोळ्यांत पाणी, छताला काजळी. वीज आली त्या दिवशी आईनं आधी बटण दाबलं नाही. भिंतीकडे बघितलं. म्हणाली, इतकं मळलेलं होतं?" दुसऱ्या दिवशी तिनं चुना आणायला माणूस पाठवला.

पण दिव्यांची नाही तरी तेलवाल्याची आठवण येते, असं त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. वीज आल्यावरही तो काही वर्षं येत राहिला, कारण आता तेल खोली तापवणाऱ्या शेगड्यांत जळत होतं. पन्नास-साठच्या दशकात तेलाला रंग आले. एसो ब्लू निळं, अलादीन पिंक गुलाबी. त्यांच्या आईला गुलाबी आवडायचं. मी म्हटलं, आमच्याकडेही निळं रॉकेल होतं, पण ते रेशनचं, कुणी चोरून डिझेलमध्ये मिसळू नये म्हणून निळं केलेलं. त्यांच्याकडे रंग विकण्यासाठी, आमच्याकडे पकडण्यासाठी. मग शेगड्याही बदलल्या. १९६५ मध्ये ट्रेगॅरनला उतारूंची रेल्वे बंद झाली. एका गुरुवारी तेलवाला आला नाही, पुढच्याही आला नाही, आणि त्यानंतर कुणी काही विचारलं नाही, कारण कुणाला तेल नको होतं. "विजेचं बिल पोस्टानं येतं," आत्या म्हणाल्या, "आणि पोस्टमन आत येत नाही."

६ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी मुलीच्या आणि माझ्या फोनवर एकदमच भोंगा वाजला. वादळाचा इशारा. त्या रात्री डॅरा नावाचं वादळ आलं, आणि पहाटे वीज गेली ती गेलीच. छपराचे पत्रे वाजत होते, झाडं रस्त्यावर पडली होती. सकाळी मुलगी आणि मी आत्यांकडे गेलो, त्यांच्या स्वयंपाकघरात रेबर्नची चूल लाकडांवर चालते म्हणून. फोन बंद पडायला लागले होते. तीन वाजल्यापासून अंधारून आलं. आत्या उठल्या, वरच्या कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला पितळी दिवा काढला, दोन वातींचा, आणि ओट्याखालून लिटरभर तेलाची प्लास्टिकची बाटली. बाटलीवर लिहिलं होतं, कमी वासाचं.

काच मात्र धुरकट होती. आत्यांनी ती माझ्यासमोर ठेवली. काही न सांगता मी वर्तमानपत्राचा तुकडा चुरगाळला आणि हात आत घातला. आमच्याकडे हे काम मुलांचं असायचं, आत्यांकडेही तसंच. राखेनं आणि मऊ फडक्यानं, रोज संध्याकाळी, कारण मोठ्यांचा हात आत जात नाही. मी आणि माझा धाकटा भाऊ दोघंही काच फोडण्यात पटाईत होतो. काच फुटली की आजी ओरडायची नाही, फक्त त्या रात्री चिमणीवर भागवायची, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट असायचं.

हात बोटांच्या पेरांपर्यंत गेला आणि अडकला. मुलीनं प्रयत्न केला. तिची बोटं लांब आहेत, पण तळवा माझाच. तिचाही अडकला. आत्या हसत होत्या. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि एक काडी काढली, लाकडाची, टोकाला फडकं घट्ट गुंडाळून दोऱ्यानं बांधलेलं, आणि ते फडकं जुन्या काजळीनं काळंकुट्ट झालेलं.

"ही आईची," त्या म्हणाल्या.

"म्हणजे काडी होती?" मी विचारलं. "मग तुमच्याकडून का पुसून घ्यायच्या?"

"तेवढा वेळ तरी आम्ही सहा जण एका जागी बसायचो ना."

मी काडी घेतली. फडक्याला अजून वास होता, कमी वासाच्या तेलाचा नव्हे, आधीचा. मुलीनं नाक मुरडलं आणि खिडकी उघडायला गेली. बाहेर वारा बघून परत आली.